तीन विटांवरचे वेल्श केक

यंदा कापणी आठ दिवस लांबली. दिवाळी होऊन गेली तरी बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांमध्ये, ओल होती. माणूस उतरला की पाय घोट्यापर्यंत रुतायचा. आता ऊन धरलं आहे. कालपासून बाया घराला लागून असलेल्या बांधीत उतरल्या आहेत. कापलेलं धान ओळीनं वाळत पडलं आहे आणि त्याचा वास, थोडा गवताचा, थोडा चिखलाचा, थोडा शिजत्या भाताचा, सकाळी दार उघडल्याबरोबर घरात शिरतो. आयुष्यभर मला हा वास आवडत आला. लहानपणी या वासाला शाळेला सुट्टी असायची. मोठेपणी या वासाला घरात पाहुणे असायचे. गेल्या वर्षापासून मात्र तो आला की मी दारातच थांबतो, हात कडीवर राहतो. त्या वासाखाली मला दुसरा एक वास येतो, तव्यावर भाजणाऱ्या लोण्याचा आणि दालचिनीचा, आणि त्याच्याबरोबर सात वर्षांच्या एका मुलीचा आवाज: "आबाजी, विटा कुठं आहेत?"

या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवायला बसलो आहे. वय अठ्ठ्याहत्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं मास्तरकी केली. गावात कुणाला अर्ज लिहून हवा असला, पत्र हवं असलं की लोक माझ्याकडे यायचे. मास्तर खोटं लिहिणार नाही, असं म्हणायचे. लिहिलं नाहीच. बोललो.

माझी मुलगी सुषमा वेल्समध्ये नर्स आहे. इंग्लंडला पश्चिमेकडून चिकटलेला डोंगरांचा आणि पावसाचा मुलूख, एवढंच मी वर्गात नकाशावर बोट ठेवून सांगत असे. त्याहून जास्त मला ठाऊक नव्हतं. तिकडे तिनं तिथल्याच एका बस चालवणाऱ्या माणसाशी लग्न केलं. त्यानंतर दोन वर्षांनी तिची आई, माझी बायको शांता, अंथरुणाला खिळली. ते दिवस असेच कापणीचे होते. सुषमा एकटीच आली, नऊ दिवस राहिली आणि गेली. ती गेल्यावर बाराव्या दिवशी शांता गेली.

सुषमा का गेली, हे सगळ्यांना मी सांगितलं. तेरवीला मांडवात बसून, डोळे पुसत सांगितलं की तिला ड्युटी होती, तिला थांबायला जमलं नाही. माझा मुलगा धनराज तेव्हा बायकोसह भिलाईला राहत होता, कारखान्यात. तो पोचला तेव्हा आईची चिता पेटायची होती आणि बहीण कुठेच नव्हती. त्यालाही मी तेच सांगितलं. त्यानं त्याच दिवशी बहिणीला फोन लावला, "गेली तं गेलीच राह," म्हणाला आणि ठेवून दिला. पुढे तो नोकरी सोडून गावी आला, शेती करू लागला. आठ वर्षं भावाबहिणीचं बोलणं नव्हतं.

सुषमा आपण होऊन गेली नव्हती. तिला मी घालवली होती.

हे एक वाक्य तोंडातून निघायला मला आठ वर्षं आणि एक नात लागली.

नातीचं नाव कॅरिस. तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ माया असा आहे म्हणे. आमच्या कामाच्या बायांना ते नाव जमलं नाही, त्यांनी तिला पहिल्याच दिवशी केसर करून टाकलं. तिला या घरात आणली ती माझ्या सुनेनं, वर्षानं. नवऱ्याला न सांगता ती नणंदेशी बोलत असे. गेल्या वर्षी सुषमा भारतात येणार असं कळल्यावर वर्षा तिला म्हणाली, "तुमी नका येऊ. पण पोरीले तं येऊ द्या. तिचा काय गुन्हा?" सुषमा तिरोड्याला मैत्रिणीकडे उतरली. चार दिवस रोज सकाळी ऑटोतून मुलीला आणून सोडायची, दुपार कलली की न्यायला यायची. ऑटो रस्त्याच्या पलीकडे थांबायचा. ती उतरायची नाही. तेवढा वेळ धनराज घरामागे जाऊन उभा राहायचा.

मी ओसरीवरून पाहायचो. ऑटोच्या बाजूचा पडदा, पडद्याखाली दोन पावलं, एवढीच मला माझी मुलगी दिसायची.

पहिल्या दिवशी कॅरिस दप्तर घेऊन आली. दप्तरातून बारीक काळ्या मनुकांची पुडी निघाली, दालचिनी-जायफळाच्या पुडीची डबी निघाली आणि मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद निघाला. कंबरेवर हात ठेवून ती म्हणाली, "आबाजी, मी आज वेल्श केक बनवून राहिली. तुमी मदत करायची."

वर्षा हसून दाराला टेकली. "ऐका मामाजी! विलायतची पोट्टी, अन् बोलणं पाहा. जशी आपल्याच गावची."

खरंच होतं. सुषमानं तिला घरची बोली दिली होती, जशीच्या तशी, फक्त शब्दांची टोकं जरा गोल झाली होती. मी शाळेत मुलांची हीच बोली पुसून काढत असे. माझी नात ती सात समुद्रांपलीकडून परत घेऊन आली होती.

तिनं मैदा मागितला, लोणी, साखर, एक अंडं, तवा मागितला. सगळं ताटात मांडून घेतलं आणि ताट उचलून ती स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, अंगणातून थेट सीताफळाच्या झाडाखाली गेली. ताट खाली ठेवलं. इकडेतिकडे पाहिलं.

"आबाजी, विटा कुठं आहेत?"

"कायच्या विटा?"

"चुलीच्या. तीन."

"आत गॅस आहे बेटा. चल."

"नाही," ती समजावल्यासारखी म्हणाली, "तो तुमचा आहे. आपली चूल बाहेर असते ना. मम्मीची अन् माझी."

वर्षानं बाजू सावरली. आमच्याकडे अंडं-मटण आत शिजत नाही, अंगणात वेगळ्या चुलीवर शिजतं. तसंच ताईनं सांगितलं असेल, असं ती म्हणाली. मीही मान हलवली. कॅरिसनं दोघांकडे पाहिलं. "अंड्यासाठी नाही. मम्मी इथं पोहे पण करायची. वरण पण करायची. इथंच. झाडाखाली छान वाटते म्हणे."

माझ्या हातात मैद्याची वाटी होती. ती पडली नाही, पण आपल्या हातात काही आहे हे मी विसरलो. वर्षा माझ्याकडे पाहत होती. सुषमानं तिला काही सांगितलं नव्हतं, पण माझा चेहरा तिनं पाहिला. मुलगी मात्र खुशीत होती. तिच्या आईनं तिला ही गोष्ट एखाद्या सहलीसारखी सांगितली होती.

इथे आमच्या घरची रीत सांगितली पाहिजे. आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून आले. आमच्या चुलीच्या खोलीत कोपऱ्यात देवाची चौरी असते, मातीचा लहानसा ओटा. घरचा देव तिथं बसतो. जातीबाहेर लग्न केलेल्या माणसानं ती खोली शिवायची नाही, तिथली चूल पेटवायची नाही, असं माझ्या आजोबांनी पाळलं, वडिलांनी पाळलं. सुषमा आजारी आईसाठी आली तेव्हा मी तिला घरात घेतलं, आईच्या खाटेशी बसू दिलं. चुलीच्या खोलीचं दार मात्र ओढून घेतलं. आईसाठी तिला काहीबाही करायचं होतं, म्हणून सीताफळाखाली मी स्वतः तीन विटा मांडून दिल्या. जुना तवा दिला, एक गंज, खोलगट पातेलं, दिला, सरपण दिलं. आणि मला वाटलं, मी किती चांगला बाप आहे. दुसऱ्या कुणी दारात उभी केली नसती. मी तर सोय करून दिली!

त्या चांगुलपणाची आठवण मला आज सगळ्यात जास्त टोचते. वाईट वागताना माणसाला कधीतरी कळतं. मी तर उपकार करत होतो.

तर गेल्या वर्षी मी दुसऱ्यांदा तिथं तीन विटा मांडल्या. नात सांगत गेली तसा मांडत गेलो.

वेल्श केक म्हणजे काही मोठा प्रकार नाही. गरिबाघरचा खाऊ आहे. तिकडे जाड लोखंडी तव्यावर भाजतात, भट्टी लागत नाही. मैद्यात थंड लोणी बोटांनी चोळायचं, रव्यासारखं होईपर्यंत. मग साखर, मनुका, दालचिनी, एक अंडं. गोळा झाला की अर्ध्या बोटाइतका जाड लाटायचा आणि वाटीनं गोल कापायचे. मी तळहातानं रगडायला लागलो तर कॅरिसनं माझं मनगट धरलं.

"मळायचं नाही! मळलं की कडक होते. बोटाच्या टोकानं. हळू. मामगी म्हणते, हात गरम झाला की थांबायचं."

मामगी म्हणजे तिची तिकडची आजी. मग आम्ही दोघं बोटाच्या टोकांनी लोणी चोळत बसलो. तिची बोटं माझ्या बोटांना लागत होती. पलीकडच्या बांधीतून बायांचं लक्ष गेलं. त्यांची म्होरकी कौसल्याबाई विळा घेऊनच बांधावर येऊन उभी राहिली. तीस वर्षांपासून ती आमच्या कापणीला येते. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान असेल, जिभेनं मात्र सगळ्यांत मोठी.

"पाहा वो माय! आमच्या घरचा बुढा पाण्याचा गिलास उचलत नाही, अन् मास्तर मैदा चोळून राहिले. बुढापी काम भेटलं म्हणा तुमाले."

"पगार नाही वो, फुकटचं आहे," मी म्हटलं.

"फुकट कायले? खाले भेटन ना."

पहिला घाणा जळला. वरून काळा, आत कच्चा. कॅरिसचा चेहरा पडला. कौसल्याबाई येऊन बसली, जळती लाकडं ओढून बाजूला केली, निखारे पसरले. "जाळ काढ वो केसर. हे निखाऱ्यावरचं काम आहे. तुह्या मायनं बी पहिल्या दिवशी असंच जाळलं होतं. मीच सांगतलं तिले."

मी ऐकलं. कौसल्याबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी फुंकणी उचलून गरज नसताना निखारे फुंकत राहिलो.

दुसरा घाणा चांगला झाला. बाहेरून खरपूस, आतून भुसभुशीत, वर साखर भुरभुरलेली. कौसल्याबाईनं एक मोडून तोंडात टाकला आणि निकाल दिला, "शंकरपाळ्याचा मावसभाऊ दिसते. पण चांगल्या घरचा आहे." बायांमध्ये हशा पिकला. कॅरिस सगळ्यांना वाटत फिरली. मामाला द्यायला घरामागे गेली. धनराजनं घेतला, खाल्ला, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बांधीकडे निघून गेला.

पहिले दोन दिवस असेच गेले. ऊन, धान, लोणी. चिमण्या कापल्या धानावर उतरायच्या, कॅरिस टाळ्या वाजवून उडवायची. बोदलकसा तलावाच्या बाजूनं दुपारी पाणकावळ्यांची रांग जायची, ती मोजायची. मी सुखात होतो, हे कबूल केलं पाहिजे. अपराधी माणूस सुखात असू शकतो. उन्हात बसलेल्या म्हाताऱ्याच्या शेजारी नात बसली, तिच्या नाकाला मैदा लागलेला असला, की त्याला आपण कोण आहोत याचा विसर पडतो.

तिसऱ्या दिवशी तिनं डबा आणला. मम्मीनं रात्रीच मनुका साखर घालून चहात भिजवून ठेवल्या होत्या. त्यांचा पाव करायचा होता. बारा ब्रिथ, ती म्हणाली, म्हणजे ठिपक्यांचा पाव. मनुका चहा पिऊन टपोऱ्या झाल्या होत्या. डब्याचं झाकण उघडलं तसा मला सुषमाच्या हातचा चहा आठवला; ती चहात वेलदोडा चेचून टाकायची, यातही टाकला होता. भिजलेल्या मनुकांत मैदा आणि अंडं कालवलं, तूप लावलेल्या गंजात ओतलं, झाकण ठेवलं. खाली निखारे, झाकणावर निखारे. आता तासभर तरी थांबायचं होतं.

मी विटेशेजारी बसलो होतो. ती सीताफळाच्या बुंध्यापाशी, भिंतीला टेकून बसली.

"आजीले हाच पाव आवडायचा," ती म्हणाली.

"कोण्या आजीले? मामगीले?"

"नाही. इथल्या. शांता आजीले. तिले गिळता येत नव्हतं ना. मम्मी चहात बुडवून द्यायची. मंग आजी म्हणायची, अजून एक."

"आजी तं आत खाटेवर राहायची, बेटा."

"तुमी धानाकडे गेले की यायची. मम्मी धरून आणायची. इथं बसायची." तिनं शेजारची जमीन थोपटली. "मी आता बसली ना, तिथंच. मम्मीनं सांगतलं, सीताफळाच्या खाली, भिंतीले टेकून."

खाटेपासून त्या झाडापर्यंत मी नंतर पावलं मोजली. चौतीस भरली. शांताला तेव्हा कुशीवर वळायला माणूस लागत होता.

"मी पण होती," कॅरिस म्हणाली.

"तू? तू कशी असशील?"

"पोटात!" तिनं मैद्याचा हात आपल्या पोटावर आपटला, फ्रॉकवर पाच बोटं उमटली. "आजीनं मले हात लावला. मम्मी म्हणते, मले पहिला हात आजीनंच लावला. पप्पांच्या पण आधी."

झाकणावरचा एक निखारा सरकून खाली पडला. मी चिमट्यानं उचलायला गेलो, तो चिमट्यात धरलाच जाईना. कानात कापणीयंत्र चालू झाल्यासारखा आवाज भरला होता. बांधीत बाया बोलत होत्या, त्यांची तोंडं हलताना दिसत होती. माझी मुलगी पोटुशी होती आणि मला ठाऊक नव्हतं. माझ्या घरात नऊ दिवस ती उकिडवी बसून, धुरात, तीन विटांवर आईसाठी पाव भाजत होती. तिच्या आईला ठाऊक होतं. कौसल्याबाईला ठाऊक असणार. बायांना चालीवरून कळतं. ठाऊक नसलेला मीच एकटा, घरचा मालक.

आणि शांता. दुपारी मी शेतावरून यायचो, तिच्यासाठी ताट वाढायचो. ती हातानं बाजूला सारायची. "भूक नाही." मी डॉक्टरांना सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, तिनं शेवटी अन्नच सोडलं. आठ वर्षं सांगत आलो. तिनं अन्न सोडलं नव्हतं. माझ्या चुलीवरचं सोडलं होतं. पन्नास वर्षांच्या संसारात ती मला कधी उलटून बोलली नाही, म्हणून ती माझ्या बाजूची आहे असं मी धरून चाललो होतो.

"आबाजी, तुमाले निखारा लागला का?" कॅरिसनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "थोडासा."

सुषमाच्या तेव्हाच्या मुक्कामातली दहाव्या दिवसाची सकाळ सांगायची राहिली. त्या दिवशी नवं धान देवाला दाखवायचं होतं. भाऊबंद जेवायला येणार होते. अंगणात जातीबाहेर गेलेली पोरगी वेगळ्या चुलीवर बसलेली दिसली असती, मला चार प्रश्न आले असते. मी सकाळीच ऑटो बोलावला. सुषमा आईचे केस विंचरत होती. मी म्हटलं, "आज पाहुणे येतील. तू निंग." ती म्हणाली, "बाबा, आई?" मी म्हटलं, "आईपाशी आमी आहो." ती म्हणाली, "मंग परवा येऊ का?" मी म्हटलं, "आता या उंबऱ्यात पाय नको ठेवू." एवढंच. आवाज चढवला नाही. शांतानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पुढचे बारा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, दुखणं वाढलं.

कॅरिसचा चौथा दिवस शेवटचा होता. वेल्श केकचा शेवटचा घाणा निघत होता, बाया चहाला अंगणात टेकल्या होत्या. धनराज बांधीतून आला, पायांना चिखल, डोक्याला दुपट्टा. कॅरिसनं त्याच्या हातात गरम केक ठेवला. त्यानं एक घास घेतला. मग वर्षाकडे वळून, हलक्या आवाजात, पण अंगणात ऐकू जाईल इतक्या, म्हणाला, "पोरीच्या हातून केक पाठवते. मरत्या मायले तं एक घास भरवला नाही हिनं."

कॅरिस तिथंच उभी होती. तिनं मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. ती थक्क झाली होती. मोठा माणूस चुकीचं सांगतो आहे आणि आबाजी गप्प आहेत, हे तिच्या समजण्यापलीकडचं होतं. कालच तर तिनं मला सगळं सांगितलं होतं.

"भरवला," मी म्हटलं.

"काय?" धनराज म्हणाला.

"सुषमानं भरवला. नऊ दिवस, याच झाडाखाली. ती गेली नाही रे. मी तिले काढली. तुले खोटं सांगतलं. तेरवीले सांगतलं तेही खोटं."

"बाबा, काय बोलून राहिले तुमी? ऊन लागलं का?"

कौसल्याबाईनं कप खाली ठेवला. "खरं बोलून राहिले, बापू. आमी याच बांधीत होतो. सारं डोळ्यानं पाहिलं."

धनराज तिच्याकडे वळला. "मंग आठ वर्षं तोंड काऊन नाही उघडलं?"

"घर तुमचं, देव तुमचा. आमी कोण? मास्तरच्याच तोंडातून निंगल म्हणून थांबलो." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "लय येळ लावला, मास्तर."

म्हणजे ज्या गावापासून मी लपवत होतो त्या गावाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझी अब्रू राखायला मी जे खोटं बोललो त्यावर एकाच माणसानं विश्वास ठेवला होता, माझ्या मुलानं.

धनराज उभाच होता. अर्धा केक हातात. मला वाटलं तो ओरडेल. तो इतकंच म्हणाला, "अन् मी तिले फोनवर काय बोललो." तेवढ्यात रस्त्यावर ऑटोचा हॉर्न वाजला. तो तसाच, चिखलाच्या पायांनी, फाटक उघडून रस्त्यावर गेला. मी मागोमाग फाटकापर्यंत गेलो. फाटक धरून उभा राहिलो.

त्यानं ऑटोचा पडदा सारला. मला सुषमा दिसली. केस पांढरे झाले होते. भावाला इतक्या जवळ पाहून ती मागे सरकली, मार चुकवावा तशी.

"मले मालूम नव्हतं," धनराज म्हणाला. "देवाशपथ, सुषमा, मले आता मालूम झालं. बाबानं आता सांगतलं."

ती पुन्हा पुढे सरकली.

"तुले मालूम नव्हतं?" ती म्हणाली. "दादा, तू तं फोनवर म्हणाला, गेली तं गेलीच राह. मी समजली, तुमी दोघांनी मिळून काढलं मले."

मला वाटलं होतं, मी मुलाला बहिणीबद्दल खोटं सांगितलं. एवढाच माझा हिशेब होता. माझ्या त्या एका वाक्यानं तिकडे, त्या पावसाच्या मुलखात, माझी मुलगी आठ वर्षं भावालाही गमावून बसली होती, हे मला त्या रस्त्यावर कळलं. ती ऑटोतून उतरली. धनराजचा दुपट्टा सुटला होता, तो तिनं त्याच्या खांद्यावर नीट टाकला. ऑटोवाला दुसरीकडे पाहत राहिला.

"सुषमा, आत ये," मी फाटकातून म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "माय होती तवा म्हणाचं होतं, बाबा."

मग माझ्यामागून धावत आलेल्या कॅरिसला तिनं उचलून ऑटोत बसवलं. गाडीची वेळ झाली होती.

त्यानंतर मी चुलीच्या खोलीचं दार बंद करणं सोडलं. त्यानं काय होतं, मला ठाऊक नाही. देव तिथंच आहे. त्याला चुलीजवळ का बसवला असेल, याचा मी या वर्षात पुष्कळ विचार केला. घरातलं माणूस जिथं जेवतं तिथं त्याला बसवला, एवढंच मला सुचतं. त्यानं कधी कुणाला बाहेर काढा म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ते आम्ही म्हटलं, त्याच्या नावावर.

धनराज मला म्हणाला, तेरवीला जेवढ्यांना सांगितलं तेवढ्यांना जाऊन सांगा. मी गेलो. ज्यांच्या घरी चालत जाता आलं त्यांच्या घरी चालत, बाकीच्यांकडे एस.टी.नं. काहींनी पाणी पाजलं, काहींनी विषय बदलला, एकानं म्हटलं की मास्तर, तुमी रीत पाळली, त्यात काय चुकलं. त्याला उत्तर देताना माझा आवाज पहिल्यांदा चढला. काहीजण आता राहिले नाहीत. त्यांच्या मुलाबाळांनी वाचावं म्हणून हे लिहिलं.

सुषमा दर रविवारी दुपारी भावाला फोन करते. पाऊस, पीक, कॅरिसची शाळा, वर्षाची कंबर. मी ओसरीवर बसलेला असतो. वर्षा न सांगता फोनचा आवाज मोठा करते आणि धान पाखडायला माझ्या बाजूला येऊन बसते. वर्षभरात सुषमानं एकदाही मला फोन द्यायला सांगितलं नाही. मीही मागितला नाही. तो हक्क माझा नाही.

गेल्या रविवारी बोलणं संपलं, धनराज फोन ओट्यावर ठेवून बैलांना पाणी दाखवायला उठला. "ठेवते," सुषमा म्हणाली. पण फोन बंद झाला नाही. तिच्या घरातला नळ ऐकू येत होता, भांडं कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. वर्षाचं सूप थांबलं. मी जरा पुढे वाकलो.

"सुषमा," मी म्हटलं, "मी इथं बसलो आहो."

"मालूम आहे," ती म्हणाली. "दर रविवारी मालूम राहते."